नवीन कॉम्प्युटरवर विकत घेतलेले गेम परत टाकले, गेम आले पण आमचं जग आलं नाही. मदत हवी आहे

मध्यरात्र:

मंडळी, जरा घाईत लिहितेय, चुकाभूल समजून घ्या. माझा सहा वर्षांचा लॅपटॉप गेल्या आठवड्यात कायमचा बसला, मदरबोर्ड गेला म्हणाले, दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता म्हणून नवीन कॉम्प्युटर घेतला. डोक्यात एकच होतं की आपले सगळे गेम डिजिटल घेतलेले आहेत, सीडी नाही की बॉक्स नाही, लॉगिन केलं की सगळं जागच्या जागी. आणि सुरुवातीला झालंही तसंच. स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) लॉगिन केलं, लायब्ररीत सगळे गेम रांगेत उभे, एपिक या दुसऱ्या दुकानातले तसेच, इतकं बरं वाटलं. एकामागून एक डाउनलोडला लावले आणि झोपले.

सकाळी उठून माइनक्राफ्ट उघडला (जावा एडिशन, रीतसर विकत घेतलेला). लाँचरने नाव ओळखलं, स्किन तीच, आणि सिंगलप्लेयर दाबलं तर यादी रिकामी. एकही वर्ल्ड, म्हणजे गेममध्ये आपण बांधलेलं जग, नाही. मी दोनदा बंद करून उघडला, वाटलं अजून सिंक होत असेल.

त्या यादीत माझं आणि धाकट्या भावाचं एक वर्ल्ड होतं. २०२० मध्ये घरात अडकलो होतो तेव्हा सुरू केलेलं, एकाच लॅपटॉपवर आळीपाळीने खेळायचो, एक तास मी एक तास तो. आता तो शिकायला लांब असतो. त्यात काय काय बांधलंय ते लिहीत बसत नाही पण ते गेलं तर मला फार वाईट वाटेल.

तर प्रश्न असे की जुना लॅपटॉप चालू होत नाही पण त्याची डिस्क शाबूत असावी, त्यातून ते वर्ल्ड काढता येईल का? बाकीच्या गेमचंही असंच होणार आहे का? आणि काही गेम १०० जीबीचे आहेत, जुन्या डिस्कवर ते आहेतच, मग परत डाउनलोड करायलाच हवेत का?

कळफलक:

सगळ्यात आधी एक काम करा. तो जुना लॅपटॉप कोणाला देऊ नका, भंगारात घालू नका, आणि कोणी म्हणालं की डिस्क फॉरमॅट करून एक्स्टर्नल म्हणून वापर तर हात लावू देऊ नका. बाकी सगळं नंतर निवांत होतं.

आता झालं काय ते सांगतो. तुमच्या अकाउंटला फक्त एवढंच माहीत असतं की हा गेम तुम्ही घेतलाय. तुम्ही त्यात काय खेळलात हे वेगळ्या फाइलींमध्ये असतं (त्यांनाच सेव्ह म्हणतात) आणि त्या फाइली कुठे ठेवायच्या हे गेम बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. काही गेम त्यांची एक प्रत क्लाउडवर पाठवतात, काही नाही. माइनक्राफ्ट जावाची वर्ल्ड्स तुमच्याच कॉम्प्युटरवर राहतात, ती अकाउंटबरोबर फिरत नाहीत. त्यामुळे यादी रिकामी दिसली म्हणजे वर्ल्ड पुसलं गेलं असं अजिबात नाही, ते जुन्या डिस्कवर जिथे होतं तिथेच बसलेलं असणार.

जागा अशी: सी ड्राइव्ह, युजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, ॲपडेटा, रोमिंग, डॉट माइनक्राफ्ट, सेव्हज. ॲपडेटा हे फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स चालू करायचं, नाहीतर नुसतं शोधत बसाल. सेव्हजच्या आत प्रत्येक वर्ल्डचं एक फोल्डर असतं आणि त्यात लेव्हल डॉट डॅट नावाची फाईल दिसली की समजायचं सापडलं. ते फोल्डर अख्खंच्या अख्खं उचलायचं, आतलं सुटं सुटं काही नाही.

डिस्क काढायला लॅपटॉपचं मागचं झाकण उघडा. अडीच इंची चपटा डबा असेल तर साधं साटा टू यूएसबी केसिंग (डिस्क यूएसबीने बाहेरून जोडायची डबी) चालतं. च्युइंगगमच्या पट्टीसारखी लांबट एम डॉट टू असेल तर जरा सांभाळून, त्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात आणि दोन्हींना चालणारं केसिंग असेलच असं नाही. पट्टीवरच्या लेबलवर लिहिलेलं असतं, ते वाचून मगच केसिंग घ्या.

तिसरी लेव्हल:

कळफलक यांच्याशी पूर्ण सहमत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो कारण हे मी तीन वेळा केलंय.

१०० जीबी परत डाउनलोड करायची काही गरज नाही. हिशोब बघा, ५० एमबीपीएसचं कनेक्शन म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी, म्हणजे १०० जीबीला जवळपास साडेचार तास, तेही लाईन पूर्ण मिळाली तर. डिस्कवरून कॉपी करायला त्याच्या कितीतरी कमी वेळ लागतो. स्टीमच्या फोल्डरमध्ये स्टीमॲप्स असतं, त्याच्या आत कॉमन, आणि कॉमनमध्ये एकेका गेमचं फोल्डर. ते नवीन कॉम्प्युटरवर त्याच जागी न्यायचं. बरोबर स्टीमॲप्समध्येच ॲपमॅनिफेस्ट नावाने सुरू होणाऱ्या एसीएफ फाइली असतात, दर गेमची एक, तीही न्यायची. स्टीम पूर्ण बंद करून परत चालू केलं की गेम इन्स्टॉल झालेला दिसतो. मग प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फाइली व्हेरिफाय करून घ्यायच्या, जे कमी पडलं असेल तेवढंच उतरतं. एसीएफ राहिलीच तर फक्त कॉमनमधलं फोल्डर ठेवून इन्स्टॉल दाबा, स्टीम आधीच्या फाइली ओळखतं.

एपिकची पद्धत थोडी निराळी आहे. तिथे इन्स्टॉल सुरू करायचं, एक-दोन टक्के झालं की थांबवायचं, लाँचर बंद, मग जुनं फोल्डर त्याच नावाच्या नवीन फोल्डरवर टाकायचं आणि रिझ्यूम. तो तपासत बसतो, वाटतं अडकला पण धीर धरा.

ज्यांचे दोन्ही कॉम्प्युटर चालू आहेत त्यांना हे सगळंही नको, २०२३ पासून स्टीममध्ये घरच्या नेटवर्कवरून एका मशीनवरून दुसऱ्यावर गेम नेण्याची सोय आहे, दोन्हीकडे स्टीम चालू ठेवून नवीनवर इन्स्टॉल दाबलं की ते शेजारच्या मशीनमधून ओढतं.

आता जे कळकळीने सांगायचंय ते. क्लाउड सेव्ह असलेला गेम पहिल्यांदा उघडताना कधीकधी एक खिडकी येते की क्लाउडवरची फाईल आणि इथली फाईल जुळत नाहीत, कुठली ठेवू. तिथे तारीख आणि वेळ वाचल्याशिवाय काहीही दाबू नका!! माझं एका स्टोअरवर असंच झालं होतं. नवीन मशीनवर गेम क्लाउड जुळायच्या आधीच उघडला गेला, त्याने नवी कोरी सेव्ह बनवली, दुसऱ्या दिवशी विचारणा आली आणि मी 'या कॉम्प्युटरवरची' निवडलं, कारण 'माझी' म्हणजे तीच वाटली. चाळीस तासांच्या खेळावर पाच मिनिटांचा खेळ जाऊन बसला. शेवटच्या बॉसच्या दारात होतो. तो गेम मी अजून परत सुरू करू शकलेलो नाही, मनच होत नाही. म्हणून सांगतो, खिडकी आली की रद्द करा, आधी दोन्हीकडच्या फाइली बाजूला कॉपी करा, मग ठरवा.

सीडीवाला:

सगळे तंत्र सांगताहेत ते उत्तमच आहे पण मला मुळाबद्दल बोलायचंय, धागाकर्तीने रागावू नये.

आपण म्हणतो 'विकत घेतलेला गेम'. आपण घेतो ती खेळायची परवानगी. कॅलिफोर्नियात यासाठी २०२४ मध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला, की डिजिटल वस्तूला 'बाय' म्हणायचं असेल तर हे लायसन्स आहे असं गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगा. कायमचं उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येत असेल तर त्या वस्तूला तो नियम नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. द क्रू हा २०१४ चा गाड्यांचा गेम, त्याचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा बंद पडला, कारण तोही सर्व्हरवर अवलंबून होता. ज्यांनी पैसे मोजले होते त्यांच्या नवीन कॉम्प्युटरवर आता तो कुठल्याही खटपटीने येणार नाही. त्यातूनच स्टॉप किलिंग गेम्स ही मोहीम सुरू झाली.

म्हणून मी शक्य तिथे जीओजीवरून घेतो. २००८ मध्ये गुड ओल्ड गेम्स म्हणून सुरू झालेलं दुकान, तिथे गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवून घेता येतो आणि तो चालवताना कोणालाच विचारायला लागत नाही. माझ्या दोन एक्स्टर्नल डिस्कवर एकच गोष्ट दोनदा ठेवलेली आहे. फक्त मोठ्या गेमचा इन्स्टॉलर तुकड्यांत येतो, एक सेटअप फाईल आणि बरोबर बिन फाइली, त्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये लागतात. एक तुकडा हरवला तर सगळं गेलं.

पेंग्विनप्रेमी:

@सीडीवाला, मुद्दा मान्य, पण सीडी-डिस्कलाही काही अमरपट्टा नव्हता हो. तुमच्या नावावरूनच विचारतो, जुन्या डिस्क चालतात का आता?

सीडीवाला:

बऱ्याच नाही चालत, आणि ते मला लागलेलं आहे. जुन्या गेमवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं, ते विंडोजच्या आतल्या एका ड्रायव्हरवर चालायचं. सुरक्षेच्या कारणाने विंडोज १० मध्ये तो ड्रायव्हर ठेवलाच नाही आणि २०१५ मध्ये जुन्या विंडोजवरही एका अपडेटने बंद केला. डिस्कवर एक ओरखडा नाही, डबी आहे, आतलं पुस्तक आहे, त्यावर सीडी-की लिहिलेली आहे, आणि नवीन कॉम्प्युटर तिला दारातच उभी करतो. त्यातले सात गेम मी परत डिजिटल घेतले. म्हणजे वस्तू हातात आहे एवढ्याने भागत नाही, तिच्यावर कुलूप नको, हेच मी म्हणतोय.

मध्यरात्र यांना धाग्यात विषय भरकटवल्याबद्दल सॉरी. डिस्क निघाली का?

मध्यरात्र:

सॉरी कशाला, मला यातलं निम्मं माहीत नव्हतं.

डिस्क निघाली. एम डॉट टू होती, एनव्हीएमई, कळफलक यांनी सांगितलं नसतं तर मी चुकीचं केसिंग आणलं असतं हे नक्की. पण आता नवीनच अडचण. लावल्यावर ड्राइव्ह दिसतो पण त्यावर कुलपाचं चित्र आहे आणि उघडायला गेलं की बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) रिकव्हरी की मागतोय, ४८ आकडी. मी असलं काही कधी लावलंच नव्हतं, शप्पथ. हे वाचून पोटात गोळा आला. की नसेल तर संपलं का सगळं?

कळफलक:

घाबरू नका, तुम्ही लावलं नसणार. बऱ्याच लॅपटॉपवर विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. लॅपटॉप चालू असेपर्यंत कळतही नाही कारण बोर्डावरची चिप गुपचूप कुलूप उघडत असते. डिस्क दुसरीकडे लावली की विचारणा येते.

चांगली गोष्ट ही की आपोआप चालू झालं असेल तेव्हा ती रिकव्हरी की त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा झालेली असते. ब्राउझरमधून त्या अकाउंटला लॉगिन करा, डिव्हाइसेसमध्ये जुना लॅपटॉप शोधा, तिथे रिकव्हरी की बघायचा पर्याय आहे. एकापेक्षा जास्त कीज दिसल्या तर तुमच्या स्क्रीनवर जो की आयडी दिसतोय त्याची सुरुवातीची अक्षरं जुळवा. मात्र जुन्या लॅपटॉपवर ज्या ईमेलने साइन इन होतं तेच अकाउंट हवं. नवीन कॉम्प्युटरवर दुसरं केलं असेल तर तिथे काही दिसणार नाही.

उशिरा आलेली:

ईमेलचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव. माझं एका गेम स्टोअरचं अकाउंट कॉलेजने दिलेल्या ईमेलवर होतं. कॉलेज संपलं, ईमेल बंद झाला, पण लॅपटॉपवर लॉगिन राहिलेलं असायचं म्हणून चार वर्षं काही जाणवलं नाही. नवीन मशीन घेतलं आणि पासवर्ड टाकल्यावर त्याने कोड त्या बंद ईमेलवर पाठवला. झालं. अकाउंट माझं, पैसे माझे, आणि मी बाहेर. सपोर्टला लिहिलं, त्यांनी जुन्या खरेदीचा पुरावा मागितला, नशिबाने एका पावतीचा फोटो फोनमध्ये होता. सोळा दिवस गेले त्यात. रोज सकाळी उठून इनबॉक्स बघायचे.

ज्यांचा जुना कॉम्प्युटर अजून चालू आहे त्यांनी आत्ताच, हे वाचता वाचता, आपापल्या अकाउंटचा ईमेल कुठला आहे बघून घ्या. फोन बदलणार असाल तर ऑथेंटिकेटर (लॉगिनचा कोड देणारं ॲप) आधी नवीन फोनवर न्या, आणि स्टीमसारख्या ठिकाणी रिकव्हरी कोड मिळतो तो कागदावर लिहून ठेवा. खरंच कागदावर.

पेंग्विनप्रेमी:

बाकी गेमच्या सेव्हबद्दल, मध्यरात्र यांचा दुसरा प्रश्न राहिलाच. सेव्हची एकच जागा नसते हीच खरी कटकट. काही गेम डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्सच्या आत ठेवतात, काही ॲपडेटा लोकलमध्ये, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर बनवलेले पुष्कळसे ॲपडेटा लोकललोमध्ये, काही गेमच्याच फोल्डरमध्ये, आणि स्टीमच्या स्वतःच्या फोल्डरात यूजरडेटा म्हणून असतं तिथेही सापडतात. एकेका गेमचं पीसीगेमिंगविकीवर बघा, सेव्ह नेमकी कुठे आणि क्लाउड आहे की नाही दोन्ही लिहिलेलं असतं. शोधायचा कंटाळा असेल तर लुडुसावी नावाचं फुकट मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे, ते स्वतः शोधून सगळ्या सेव्ह एका जागी काढून ठेवतं. मी लिनक्सवर तेच वापरतो कारण तिथे प्रोटॉनमुळे (लिनक्सवर विंडोजचे गेम चालवणारं स्टीमचं साधन) प्रत्येक गेमच्या सेव्ह त्याच्या वेगळ्या कंपॅटडेटा फोल्डरमध्ये खोल गाडलेल्या असतात.

पण तुमच्या बाबतीत सगळ्यात सोपं सांगू? कुलूप उघडलं की युजर्समधलं तुमच्या नावाचं अख्खं फोल्डर आधी कॉपी करून ठेवा. निवडत बसू नका. आज जो गेम आठवत नाही त्याची आठवण सहा महिन्यांनी येते.

तिसरी लेव्हल:

+१, आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) गेलेलं असेल तर तिथेही बघा. जुन्यावर डॉक्युमेंट्स साधं होतं आणि नवीनवर वनड्राइव्हच्या आत आहे असं झालं की तुम्ही सेव्ह एका जागी ठेवता आणि गेम दुसरीकडे शोधतो. माझ्या मित्राचा यात अख्खा रविवार गेला.

नवखा:

मधेच विचारतो, माझा एक जुना गेम नवीन विंडोज ११ वर इन्स्टॉल झाला पण उघडताना डी३डीएक्स९_४३ डीएलएल नाही म्हणतो. ती फाईल एका साईटवरून उतरवून टाकू का?

कळफलक:

नको नको. कुठल्याही साईटवरून सुटी डीएलएल उचलून टाकू नका, त्यात काय येईल सांगता येत नाही. डायरेक्टएक्स म्हणजे गेमचं चित्र-आवाज सांभाळणारा विंडोजचा भाग, त्याचं मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं एंड-यूजर रनटाइम टाका, त्यात ती फाईल आहे. नवीन विंडोजमध्ये डायरेक्टएक्स १२ असलं तरी डायरेक्टएक्स ९ च्या त्या जुन्या फाइली त्यात येत नाहीत, म्हणून हे वेगळं टाकावं लागतं. स्टीमचा गेम असेल तर बहुतेक वेळा गेमच्या किंवा स्टीमच्या फोल्डरात कॉमनरीडिस्ट म्हणून असतं, त्यातच हा इन्स्टॉलर मिळेल.

नवखा:

चालला!! धन्यवाद.

मध्यरात्र:

उघडलं. उघडलं उघडलं.

की अकाउंटमध्येच होती. दोन दिसत होत्या, आयडी जुळवला, ४८ आकडे टाईप करताना हात थरथरत होता, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा कुलूप निघालं. पेंग्विनप्रेमी म्हणाले तसं आधी माझ्या नावाचं अख्खं फोल्डर कॉपीला लावलं, मध्ये एकदा परवानगी नाही म्हणाला तिथे कंटिन्यू दाबलं आणि गेलं पुढे. मग सेव्हजमध्ये गेले. पाच वर्ल्ड्स होती, चार नुसती तशीच करून बघितलेली आणि पाचवं आमचं. लेव्हल डॉट डॅट जागेवर. शेवटचा बदल दोन वर्षांपूर्वीचा.

कळफलक:

जीव भांड्यात पडला वाचून! आता एकच थांबा. जुन्या व्हर्जनमधलं वर्ल्ड नवीन व्हर्जनमध्ये उघडलं की ते नवीन पद्धतीने बदललं जातं आणि परत मागे नेता येत नाही. त्यामुळे मूळ फोल्डरची प्रत डिस्कवर तशीच राहू द्या, नवीन कॉम्प्युटरवर दुसरी प्रत उघडा. नाहीतर लाँचरमध्ये इन्स्टॉलेशन्समध्ये जाऊन आधी तेव्हाचंच व्हर्जन निवडा आणि त्यात बघा.

मध्यरात्र:

जुनंच व्हर्जन निवडलं. तीन प्रती केल्यात, एक पेनड्राइव्हवर, एक क्लाउडवर आणि जुनी डिस्क तर आता मी कुठल्याच कामाला वापरणार नाही.

उघडल्यावर मी आमच्या घरातच उभी होते, बेडच्या बाजूला, रात्र होती आणि बाहेर पाऊस. खाली खाणीत जायचा जिना आहे त्याच्या तोंडाशी भावाने एक पाटी लावली होती ती मी पार विसरले होते. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय, 'ताई खाली लाव्हा आहे, आधी पाणी घे'. त्याची पाळी संपायची तेव्हा तो असं लिहून ठेवायचा, मी एकदा पडले होते ना सगळं सामान घेऊन. मी बराच वेळ तिथेच उभी राहिले, काही न करता.

मग त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि स्क्रीन दाखवली. तो आधी काही बोललाच नाही. नंतर म्हणाला डावीकडची पेटी उघड, त्यात मी १४ हिरे तुझ्यासाठी ठेवले होते, तू कधी बघितलेस का?

नव्हते बघितले. आहेत तिथे, १४.

आता तो विचारतोय की हे वर्ल्ड दोघांना एकाच वेळी खेळता येईल असं कुठे ठेवता येईल. पूर्वी आळीपाळीने खेळलो, एकत्र कधीच नाही. त्यासाठी वेगळा धागा काढू का इथेच विचारू?

कळफलक:

इथेच विचारा. फक्त सर्व्हरवर चढवायला चौथी प्रत करा, पेनड्राइव्हवरची नको.